अब्बांचा दुसरा प्रश्न

अब्बांना प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला तेव्हा त्यांनी डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारला तो नमाजचा. ऑपरेशननंतर लघवी थेंब थेंब गळत राहिली तर वजू कसा टिकणार? डॉक्टर गोंधळले. मीच सांगितले, अशा माणसाला शरीयतने माजूर मानले आहे; प्रत्येक नमाजच्या वेळेला नवा वजू केला की झाले. अब्बांचे समाधान झाले.

मग डॉक्टरांनी कागदावर अक्रोडाएवढी ग्रंथी काढली आणि तिच्या दोन्ही कडांना रेघा ओढल्या. "या मज्जातंतूंच्या जुड्या. ताठरता यांच्यावर अवलंबून असते. वाचवायचा प्रयत्न करायचा का?"

प्रश्न अब्बांना होता. ते माझ्याकडे पाहू लागले. अब्बांचे वय 61. मी मान खाली घालून म्हणालो, "आता या वयात त्याचं काय? कॅन्सर तेवढा निघू द्या." अब्बा काहीच बोलले नाहीत.

मी उर्दू शाळेत विज्ञान शिकवतो. आसाब म्हणजे काय, हे फळ्यावर आकृती काढून समजावतो. दहावीचा प्रजननाचा धडा मात्र दरवर्षी "घरी वाचा" म्हणून उरकतो. दवाखान्यातही मी तेच केले होते.

रात्री झोप येईना. वाचत बसलो. या नसा नेमक्या कुठून जातात हे 1981 पर्यंत सर्जन लोकांनाच नीट ठाऊक नव्हते. त्या वर्षी हॉलंडमधल्या लायडन शहरात पीटर डोंकर आणि अमेरिकेचे पॅट्रिक वॉल्श यांनी मृत जन्मलेल्या एका बालकाच्या देहात त्या शोधून काढल्या. मोठ्या माणसाच्या देहात त्या चरबीत हरवून जातात. दुनियेत श्वासही न घेतलेल्या त्या जिवाचे केवढे हे उपकार! 26 एप्रिल 1982 रोजी वॉल्श यांनी बाल्टिमोरला या नसा जाणूनबुजून राखून पहिले ऑपरेशन केले. रुग्ण 52 वर्षांचा होता.

इकडे मोहल्ल्यात बातमी पसरली, अब्बांना मशीन कापणार! वास्तविक रोबो आपणहून काहीच करत नाही. सर्जन बाजूला बसून दहापट मोठे चित्र पाहत हात हलवतो, तशी आतली बारीक हत्यारे हलतात. नसांजवळ डाग देऊन रक्त थांबवणे टाळतात, कारण उष्णतेने त्या मरतात. तिथे क्लिपा लावतात, ओढाताण होऊ देत नाहीत. एवढे करूनही नसा बधिर होतात, सावरायला महिने लागतात, कधी दोन वर्षे. आणि कॅन्सर कडेपर्यंत पोचला असेल तर त्या बाजूच्या नसांवर पाणी सोडावे लागते.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी अब्बा मला म्हणाले, "तू बाहर बैठ. मेरेकू डॉक्टरसे बात करनी है." अम्मीला घेऊन ते आत गेले. वीस मिनिटांनी दोघे बाहेर आले. मी काही विचारले नाही.

उजवी बाजू राखता आली, डावी नाही. घरी सोडताना डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या आणायला मी गेलो. मेडिकलवाल्याने नाव वाचले आणि माझ्याकडे बघून हसला.

"अब्बांच्या आहेत," मी म्हणालो, आणि सुटे पैसे मोजून घेतले.