शेवटच्या टोकाचा रेझिस्टर

सिग्नल्सच्या माणसाला निवृत्त मंडळी जेवायला बोलावतात तेव्हा जेवणाआधी काहीतरी दुरुस्त करायचं असतं, हे आता मी गृहीतच धरतो. कधी इन्व्हर्टर, कधी मुलाने अमेरिकेहून पाठवलेला राउटर. बंगळूरला पोस्टिंग आल्यापासून जे. पी. नगरच्या सहाव्या फेजमधलं एक घर माझ्या रविवारच्या फेरीत आहे. वडिलांचे जुने मित्र, ईएमईमधून सुभेदार मेजर म्हणून निवृत्त झालेले काका, आणि काकू. मॅजेस्टिकला मेट्रोची हिरवी लाइन पकडायची, जे. पी. नगर स्टेशनला उतरायचं आणि चालत जायचं. काकांचं वय अठ्ठ्याहत्तर. काकूंचे गुडघे गेलेत, पण झोपायची खोली अजून वरच्याच मजल्यावर, कारण तिथून झाडं दिसतात.

या वेळी दुरुस्तीचं काही नव्हतं. उलट काकांना कौतुक करून घ्यायचं होतं. जिन्याखालच्या अलार्म पॅनेलकडे बोट दाखवून म्हणाले, "पाच वर्षं झाली, एकदाही वाजला नाही बघ. हिरवा दिवा कधी गेला नाही."

चांगल्या लाइनबद्दल असं कोणी सांगितलं की माझ्या पोटात गोळा येतो. ही नोकरीची सवय आहे. मी नुकताच कमिशन होऊन पहिल्या युनिटला पोचलो होतो तेव्हाची गोष्ट. जागेचं नाव सांगत नाही. डोंगरातल्या पोस्टपर्यंत फील्ड टेलिफोनची लाइन होती. एक्स्चेंजवरचा जवान ठरलेल्या वेळी हँडल फिरवायचा आणि वरून आवाज यायचा, "सब ठीक है." आवाज आला नाही तर वर काही घडलंय का, याची चर्चा होत नसे. लाइनमन आधी बाहेर पडायचे, मग बर्फ असो की अंधार. कारण तुटलेली लाइन आणि निवांत पोस्ट, दोन्ही एक्स्चेंजवर अगदी सारख्याच शांत असतात.

अलार्मच्या वायरिंगमध्ये हेच काम एक चिमूटभर रेझिस्टर करतो. त्याला म्हणतात एंड ऑफ लाइन रेझिस्टर, म्हणजे लाइनच्या टोकाचा. आगीच्या साध्या पॅनेलमधून दोन तारा निघतात, एकेका डिटेक्टरमधून पुढे जातात आणि शेवटच्या डिटेक्टरच्या बेसमध्ये त्या दोन तारांमध्ये हा रेझिस्टर बसतो. लाइनवर 24 व्होल्ट आहेत आणि रेझिस्टर 5.6 किलोओहमचा आहे असं धरा. तर साधारण चार मिलिअँपिअर करंट रात्रंदिवस त्याच्यातून परत येत राहतो. धूर लागला की डिटेक्टर जास्त करंट ओढतो, पॅनेल म्हणतं आग. तार तुटली की करंट जवळजवळ शून्यावर येतो, पॅनेल म्हणतं फॉल्ट. हा चार मिलिअँपिअर म्हणजेच पोस्टवरून येणारं "सब ठीक है".

दारावरच्या चुंबकी स्विचचं गणित थोडं वेगळं. तिथे साधारणपणे दार लावलेलं असताना सर्किट बंद असतं, दार उघडलं की तुटतं. तार कापली तर अलार्म होतोच, म्हणून रेझिस्टर कशाला, असं अनेक मेकॅनिक म्हणतात. पण गेटवरून येणाऱ्या दोन तारा कोणी सोलून एकमेकींना जोडल्या, तर पॅनेलच्या लेखी ते दार जन्मभर बंदच. टोकाला रेझिस्टर असेल तर अशा शॉर्टला शून्य ओहम दिसतो आणि चोरी उघड होते. काही पॅनेलांवर दोन रेझिस्टर लावता येतात, एक सिरीजमध्ये आणि दुसरा स्विचला समांतर. दोन्ही 4.7 किलोओहमचे घेतले तर दार बंद असताना 4.7, उघडलं तर 9.4, तार तुटली तर अनंत आणि शॉर्ट झाली तर शून्य. चार परिस्थिती, चार वेगळी उत्तरं, आणि खर्च चहाच्या कपाइतकाही नाही.

तर काकांच्या घरी मी वर जाऊन पॅसेजमधला डिटेक्टर बघितला. चालू डिटेक्टरचा लाल ठिपका ठरावीक वेळाने लुकलुकतो. हा लुकलुकत नव्हता. छताकडे कोण बघत बसतं? देवघरातला धूप आणला, स्टुलावर चढून डिटेक्टरखाली धरला. काहीच नाही. बेडरूममध्येही तेच. खालच्या हॉलमध्ये धरला मात्र, आणि असा भोंगा वाजला की शेजारचे अय्यर गॅलरीत आले.

पॅनेलचं झाकण काढलं. फायर झोनच्या स्क्रूंवर, बाहेर जाणाऱ्या तारांच्या शेजारीच, हिरवा, निळा, लाल आणि सोनेरी पट्ट्यांचा रेझिस्टर ऐटीत बसला होता. हिरवा-निळा-लाल म्हणजे 5.6 किलोओहम. बऱ्याच कंपन्या पॅनेल असंच रेझिस्टर लावून पाठवतात. लावणाऱ्याने ते काढून टोकाला न्यायचे असतात. इथे ते जागेवरच राहिले होते. म्हणजे करंट पॅनेलच्या आतल्या आतच फेरी मारून येत होता. घरातल्या सगळ्या तारा उपटून टाकल्या असत्या तरी हिरवा दिवा तसाच राहिला असता.

काकांनी चष्मा वर केला, रेझिस्टर पाहिला आणि एका वाक्यात माझा सगळा तास घेतला. "म्हणजे हा गार्डरूममध्ये बसून चौकीची रपट देतोय."

मग शोध. लाइनमनची जुनी पद्धत, निम्मी-निम्मी करत जायचं. पॅनेलकडच्या दोन्ही तारा मोकळ्या करून त्यांची टोकं एकमेकींना पिळली आणि मीटर घेऊन निघालो. स्वयंपाकघरातल्या डिटेक्टरच्या बेसवर येणाऱ्या तारांवर दोन-तीन ओहम, म्हणजे तिथपर्यंत लाइन साबूत. (स्वयंपाकघरात उष्णतेचा डिटेक्टर होता हे बरं केलं होतं, धुराचा असता तर काकूंच्या प्रत्येक फोडणीला अग्निशमन दल बोलवावं लागलं असतं.) वरच्या पॅसेजच्या बेसवर मीटर हलेना. मधल्या भागात दोन वर्षांपूर्वी केलेलं फॉल्स सीलिंग. एक पट्टी उतरवल्यावर सापडलं: चौकट ठोकताना स्क्रू थेट तारेतून गेला होता. दोन वर्षं ही दोघं वरच्या मजल्यावर झोपत होती आणि तिथे काहीच चालू नव्हतं. खाली शिजतंय स्वयंपाक, गॅसचा सिलिंडर, जुनं वायरिंग. काकूंना जिना उतरायला किती वेळ लागतो ते मी रोज बघतो असं नाही, पण रविवारी बघतो.

काकूंनी फक्त विचारलं, "मग आता जेवायचं का?"

ज्यांच्याकडून काम करून घेतलं होतं त्यांना फोन केला. त्यांचा एक मेकॅनिक आला, विशीतला, मूळचा रायचूरचा. मी आवाज चढवायचं ठरवलं होतं, पण त्याचं उत्तर ऐकून गप्प बसलो. "सर, एंड में लगाएंगे तो फॉल्ट आता है. कस्टमर फोन करता है, मालिक बोलता है विजिट फ्री में जा." त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. टोकाला रेझिस्टर लावला की उंदराने कुरतडलेली तार, पावसाळ्यात ओलावलेला जोड, सैल स्क्रू, सगळं बोलायला लागतं. पॅनेलमध्येच ठेवला की पाच वर्षं शांतता आणि काकांसारखं खूश गिऱ्हाईक. त्या पोराला रेझिस्टरचं तत्त्व माहीत होतं. त्याच्यासाठी हिशेबच उलटा लिहिलेला होता.

आम्ही दोघांनी मिळून काम केलं. नवी तार ओढली, रेझिस्टर बेडरूमच्या शेवटच्या बेसमध्ये नेला. एका बेसवर तार न कापता नुसतीच स्क्रूखाली वळवून घेतली होती. ती कापून आत-बाहेर वेगळी केली, नाहीतर बेसवरचा जोड सुटला तरी पुढचा रेझिस्टर "ठीक है" म्हणत राहतो. त्याच कारणासाठी मधूनच काढलेली एक फांदीही बंद केली. फांदीवर काय घडतंय ते टोकाच्या रेझिस्टरला कळत नाही. शेवटी रेझिस्टरचं एक टोक सुटं केलं, खाली पॅनेलवर पिवळा दिवा लागला, बझर वाजला. ते पाहिल्यावरच काकांनी सही केली.

एस. पी. रोडवरून मी 5.6 किलोओहमचे दहा जादा रेझिस्टर आणून दिले. काकांनी ते सुपारीच्या डबीत ठेवलेत, वर चिठ्ठी चिकटवून.

तीन आठवड्यांनी, मे महिन्याच्या एका वळवाच्या पावसानंतर, सकाळी सहाला त्यांचा फोन. आवाजात आनंद मावत नव्हता. "अरे, फॉल्ट आलाय! गॅलरीजवळच्या जोडात पाणी गेलंय बहुतेक. तू येऊ नकोस, मी मीटर काढलाय."