पापणीवरील पिवळा ठिपका

आरशापुढे उभे राहून स्वतःचे मुख न्याहाळण्याचे आमचे वय केव्हाच सरले. तथापि गेवराईच्या केशकर्तनालयातील आरशास गिऱ्हाइकाच्या वयाशी कर्तव्य नसते. गेल्या आषाढात तेथे बसलो असता दोन्ही पापण्यांवर, नाकाच्या बाजूस, हळदीचे बोट लागावे तसे पिवळट, किंचित उंच ठिपके दिसले. नाभिकाने मोठ्या आत्मीयतेने एक मलमही सुचविले.

आम्हांस मात्र वडील आठवले. त्यांच्या पापण्यांवर असेच ठिपके होते, आणि टाचेमागील दोरीसारख्या शिरेवर टणक गाठी होत्या. ठिपक्यांना आमची आजी ‘लक्ष्मीची बोटे’ म्हणे; गाठींना सारे घर पायपिटीचे घट्टे समजे. 1985 साली, वयाच्या 52 व्या वर्षी, राक्षसभुवनास शनीच्या दर्शनाला गेले असता त्यांच्या छातीत कळ आली, आणि ते घरी परतले नाहीत.

वैद्यकात ह्या ठिपक्यांस झँथेलाझ्मा म्हणतात. कातडीखालील पेशी कोलेस्टेरॉल गिळून तेथेच साचून राहतात. ठिपके असणाऱ्यांपैकी सुमारे निम्म्यांच्या रक्तातील मेद प्रमाणात असतो. तेव्हा ठिपका दिसताच मृत्युपत्र करावयास नको, रक्त मात्र तपासावे. टाचेवरील गाठींची गोष्ट निराळी. त्या बहुधा आनुवंशिक दोषाची खूण असतात. रक्तातील कोलेस्टेरॉल ओढून घेणारी यकृताच्या पेशींवरील दारे अपुरी पडतात, व जन्मापासून रोहिण्यांत मेद साचत जातो. ह्या दारांच्या शोधाबद्दल ब्राउन व गोल्डस्टीन ह्या दोघांस नोबेल पारितोषिक मिळाले, तेही 1985 सालीच! त्या वर्षी आम्ही कॉलेजात शेक्सपिअर वाचीत होतो. वडिलांच्या टाचेवरची अक्षरे आम्हांस वाचता आली नाहीत.

आमचे रक्त सदोष निघाले. गोळी सुरू झाली, पथ्य सुरू झाले. परंतु डॉक्टरांचे एक वाक्य पाठ सोडीना : हा दोष प्रत्येक अपत्यात उतरण्याचा संभव निम्मा. कन्येच्या विवाहाची बोलणी तेव्हा रंगात आली होती. ‘तपासणी लग्नानंतर करू,’ असे घरातील वडीलधाऱ्यांनी सुचविले. वर्गात सत्याची महती गाणाऱ्या आम्हीही तीन आठवडे ह्या सूचनेच्या आड दडून बसलो, हे लिहिताना लेखणी अडखळते.

अखेर कन्येला सुगावा लागला. ती एवढेच म्हणाली, ‘‘बाबा, आजोबांच्या गाठींचा अर्थ कुणाला ठाऊक असता, आणि त्याने तो घराच्या सोयीसाठी लपवला असता, तर तुम्ही त्याला काय म्हणाला असता?’’

दुसऱ्या दिवशी दोन्ही मुलांस घेऊन आम्ही बीडला गेलो. चिरंजीवांचे रक्त निर्दोष निघाले, कन्येचे नाही. तिच्या पापण्या आजही स्वच्छ आहेत. ठिपक्याची वाट न पाहताच तिला आपले प्राक्तन कळले, आणि कळल्यामुळेच ते पुष्कळ अंशी बदलण्याजोगे झाले.

मुलाकडील मंडळींना तिने स्वहस्ते पत्र लिहिले आहे. उत्तर अद्याप यावयाचे आहे. आम्हांस काळजी वाटते. लाज मात्र आता वाटत नाही.