चाकोरी

समीक्षेच्या तासाला ज्या शब्दाला आम्ही वर्षानुवर्षे कमी लेखत आलो, तो 'चाकोरी' हा शब्द मुळात चाकाचा आहे हे ठाऊक असूनही कधी जाणवले नव्हते. 'चाकोरीबाहेरचा कवी' म्हटले की प्रशस्ती झाली. गेल्या डिसेंबरात एका स्नेह्यांच्या जुन्या जिप्सीतून आम्ही दोघे सहाध्यापक चारचाकी जोराची गाडी हाकायला शिकलो, तेव्हा ही चाकोरी प्रत्यक्ष भेटली.

जागा जुन्नरपलीकडची. नाणेघाटाच्या माथ्याअलीकडे डांबरी सोडून गवताळ माळात शिरणारी मातीची वाट; उतार सौम्य, ओढा कोरडा, नवशिक्यांना झेपेल अशी. (खुद्द नाणेघाटाची वाट सातवाहनकालीन, पायऱ्यांची, पाठीवर ओझी वाहणाऱ्या जनावरांची. तिथे गाडीचे काय काम? जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण तेवढा पाहून आलो.)

स्नेह्यांनी टायरांतली हवा ३० वरून २० वर आणली; मऊ टायर पसरतो, पकड वाढते. गिअरशेजारची दुसरी दांडी ओढून पुढची चाकेही कामाला लावली. सूचना मोजक्याच: अंगठे स्टिअरिंगच्या आत अडकवू नका, दगडाच्या हिसक्याने मोडतील, उतारावर ब्रेकपेक्षा पहिल्या गिअरवर भिस्त ठेवा, शंका आली की उतरून आधी पायी चालून या.

ट्रॅक्टरांनी पावसाळ्यात पाडलेल्या चाकोऱ्या वाळून कडक झाल्या होत्या. चाके त्यांत बसली आणि गाडी आपसूक चालू लागली. गंमत अशी की, चाकोरीत असताना स्टिअरिंग फिरले तरी गाडी वळत नाही, त्यामुळे ते फिरलेले आहे हेच कळत नाही. आमच्यातला एक निवांत गप्पा मारत चालवत होता. चाकोरी उथळ झाली त्या क्षणी गाडी डावीकडे झेपावली आणि गवतात घुसली. वेग माणसाच्या चालीचा, म्हणून कुणाला लागले नाही. पण ओलसर जागा होती, गवत मुळांसकट उलटले.

गवत कापणारे एक आजोबा विळा घेऊनच आले.

"आवं सायेब, चाकोरी सोडून कुठं निघाला? पावसाळ्यात हितूनच ओघळ फुटंल."

आम्ही खाली उतरलो. उलटलेली ढेकळे जागच्या जागी बसवली, पायांनी दाबली. आजोबांनी न बोलता वरच्या अंगाला दोन दगड आडवे ठेवले.

परतीला दुसऱ्याने गाडी घेतली. खिडकीतून डोके काढून, सारखा पुढच्या चाकाकडे पाहत.