माडाचे वय

कोकणातल्या माणसाला माड दिसला, की तो परक्या मुलखातही निर्धास्त होतो. मास्तरकीच्या नोकरीवर कार निकोबारला उतरलो, तेव्हा माझेही तसेच झाले. समुद्रालगत दाट माड आणि त्यांच्या सावलीत खांबांवर उभ्या गोल, गवती झोपड्या. आमच्याकडे माड घरच्या मुलासारखा. तिथे तो साऱ्या कुळाचा. अशा कुळाला निकोबारी माणसे 'तुहेत' म्हणतात. जमीन, माड, डुकरे, सारे सामाईक.

२६ डिसेंबर २००४. नाताळचा दुसरा दिवस, रविवार. सकाळी साडेसहाच्या सुमारास जमीन अशी हलू लागली, की उभे राहवेना. सुमात्राजवळ समुद्राच्या तळाशी ९.१ तीव्रतेचा भूकंप झाला होता, हे पुढे कळले. थोड्याच वेळात किनाऱ्याकडून आरडाओरडा ऐकू आला. पत्नीचा हात धरून मी आतल्या रानाकडे धावलो. वळून पाहतो तो माडांच्या बुंध्यांमधून काळे पाणी चालून येत होते. लाट म्हणावी असे त्याला रूपच नव्हते. समुद्रच जागा सोडून निघाला होता.

त्या रात्री मार्गशीर्ष पौर्णिमेचे चांदणे पडले होते. आम्ही रानात शहाळ्यांच्या पाण्यावर दिवस काढले. पुढे शाळा भरली, तेव्हा हजेरी घेताना काही नावांपाशी मी थांबे आणि मुले माना खाली घालत.

सरकारने पत्र्याची घरे उभारली. पत्रा उन्हात तापे; पण डोक्यावर छप्पर आले. अवघड गोष्ट निराळीच होती. मदतीचे पैसे नवराबायको आणि मुले अशा एकेका बिऱ्हाडाच्या हिशेबाने आले, आणि तुहेतमध्ये 'तुझे-माझे' सुरू झाले.

गावच्या मुखियाला तिथे कॅप्टन म्हणतात. एके सकाळी त्याने सर्वांना जमवून किनाऱ्यापासून आत माडाची रोपे लावायला घेतली. मी विचारले, "ही कोणाच्या नावची?"

तो म्हणाला, "मास्तरजी, यांना फळ धरायला सात वर्षे लागतील. तोवर भांडण कोणाच्या लक्षात राहणार?"

२०१२ साली आम्ही बेट सोडले, तेव्हा त्यातल्या काही माडांना नारळ धरले होते. कॅप्टनने एक आमच्या हाती ठेवला. पत्नीने तो फोडला नाही. रत्नागिरीला आमच्या परसात तो रुजला. त्याचे नारळ आम्ही विकत नाही, आळीत वाटतो.