एमएच १२

सेक्टर ३० मध्ये राहायला आल्यावर शेजारच्या आंटींनी पहिलाच सल्ला दिला तो हेल्मेटचा. "बाहर जाओ तो पहन लेना. अंदर-अंदर कोई नहीं पूछता."

चंडीगढमध्ये 'बाहर' आणि 'अंदर' या शब्दांचे अर्थ पक्के आहेत. वास्तुविशारद ल कार्बुझिएने शहराचे १२०० बाय ८०० मीटरचे चौकोन, म्हणजे सेक्टर, आखले आणि वेगाचे रस्ते त्यांच्या कडेने नेले. त्या रस्त्यांवर एकाही घराचं दार उघडत नाही. आत बाजाराचा रस्ता, गल्ल्या, बागेतल्या पायवाटा. रस्त्यांना व्ही-१ ते व्ही-७ असे क्रमांक दिले, त्यात सातवा पायी चालणाऱ्यांचा. आता कडेच्या मोठ्या चौकांत कॅमेरे आहेत, चलान थेट फोनवर येतं. त्यामुळे शहराची हद्द लागली की पंजाब-हरयाणाच्या टॅक्सीवाल्यांचा बेल्ट खांद्यावर चढतो. हद्द सुटली की उतरतो.

मी त्यांना हसायचे. पुण्याची असून! २०१९ च्या जानेवारीत हेल्मेटसक्तीविरुद्ध आमच्याकडे मोर्चा निघाला होता, आणि आमचे मामा त्यात हौसेने चालले होते.

इथलीही जानेवारीतलीच एक सकाळ. धुकं असं, की समोरच्या दिव्याच्या खांबाचं फक्त बूड दिसत होतं. दुधाचा बूथ रस्त्याच्या उजव्या अंगाला. डाव्या बाजूने जाऊन वळून यायचं तर दोन मिनिटं, उजव्या कडेने घुसलं तर वीस सेकंद. मी रोज घुसायचे. हेल्मेट डिकीत.

धुक्यातून आधी घंटी ऐकू आली, मग फिकट निळी पगडी दिसली. मी ब्रेक दाबला, स्कूटर घसरत गेली आणि सायकलच्या पुढच्या चाकावर आदळली. सरदारजी सत्तरीचे असतील. एक हात रस्त्यावर टेकून खाली बसले. पायजम्याला गुडघ्यापाशी एक डाग दिसला आणि हळूहळू रुंद होत गेला.

"अंकल, सॉरी, सॉरी. सेक्टर बत्तीसच्या हॉस्पिटलमध्ये जाऊ या." घाबरल्यावर मी मराठीत बोलते, हे मला तेव्हा कळलं.

त्यांनी उत्तर दिलं नाही. आधी पगडी चाचपली, मग गुडघा. मग उठून माझ्या स्कूटरची नंबरप्लेट वाकून वाचली. एमएच १२.

"पुणे? मेरी पोस्टिंग सी ओथे. खडकी." मग जरा थांबून, अगदी चौकशीच्या सुरात म्हणाले, "हुण वी ओथे एद्दां ई चलांदे ने?" अजूनही तिथे असंच चालवतात का?

ओरडले असते तर माझ्याजवळ उत्तरं तयार होती. धुकं, घंटी, काहीतरी.

सायकलचं हँडल वाकडं झालं होतं. त्यांनी पुढचं चाक दोन्ही गुडघ्यांत धरलं. गुडघा दुखून चेहरा आवळला. हँडल पिळून सरळ केलं, घंटी एकदा वाजवून पाहिली. "चल पुत्तर, दुध लै आ," म्हणाले आणि डाव्या कडेने, आपल्या बाजूने, धुक्यात गेले.

माझी स्कूटर तशीच उलट्या तोंडाने उभी होती.