खुंट आणि डोळा

सर्वपित्री अमावस्येला आमच्याकडे एक पान जास्तीचं वाढतात. आजा-पणजाचं पान असतं, नानाकाकांचं असतं आणि शेवटी हे. पहिल्या वर्षी गुरुजींनी नाव-गोत्र विचारलं तेव्हा आबा म्हणाले, "नाव नाही. बाई का माणूस, तेबी ठावं नाही." गुरुजी जरा थबकले. गोत्र माहीत नसलं की काश्यप धरतात, तसं धरून पुढे गेले.

आमचं गाव वसमत तालुक्यातलं, सिद्धेश्वरच्या कालव्यावरचं, हळदीचं. २०१९च्या जानेवारीत शेतातली हळदीची पानं कापून झाली होती आणि आबांना ताप आला. टायफॉईड म्हणून औषधं झाली. ताप उतरायचा, चार दिवसांनी परत चढायचा. मग कंबर धरली. हळद उपटायच्या दिवसांत कुणाची कंबर धरत नाही? आम्ही मुतखड्यावर खापर फोडलं आणि कुकर पेटवून हळद शिजवायला लागलो. एका रात्री आबा खळ्यावरच घामाघूम होऊन आडवे झाले, तेव्हा नांदेड गाठलं. सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांचा हात पोटावर एका जागी थांबला आणि तिथेच राहिला.

हृदयातून निघणारी महाधमनी पोटात उतरते तेव्हा साधारण दोन सेंटिमीटर रुंद असते. तीनच्या वर गेली की तिला फुगा म्हणतात. आबांचा फुगा साडेपाचाचा होता, तोही एका अंगाला वेडावाकडा आलेला. रक्ताच्या तपासणीत साल्मोनेला जिवाणू वाढले. टायफॉईडचाच गोतावळा. अन्नपाण्यातून पोटात जातात, कधी रक्तात उतरतात आणि चुना धरून खरबरीत झालेली धमनीची भिंत दिसली की तिथे ठाण मांडतात. चाळीस वर्षांच्या बिडीने आबांनी ती भिंत त्यांच्यासाठी तयारच ठेवली होती. विल्यम ऑस्लरने १८८५ साली लंडनच्या व्याख्यानांत अशा फुग्याला 'मायकॉटिक' म्हटलं, कारण त्याला तो अळंबीसारखा दिसला. अळंबीचा किंवा बुरशीचा याच्याशी बहुतेक वेळा काही संबंध नसतो. पण आबांच्या कागदांवर तोच शब्द होता आणि मुंबईला जाताना अॅम्ब्युलन्समध्ये मी मोबाईलवर बुरशीची औषधं शोधत बसलो होतो.

मुंबईच्या सर्जननी कागदावर नळी काढून दाखवली. एरवी असा फुगा कापून तिथे डेक्रॉनची, म्हणजे पॉलिस्टरच्या कापडाची नळी शिवतात. ह्यूस्टनच्या मायकेल डिबेकींनी १९५०च्या दशकात असल्या नळ्या बायकोच्या शिलाई मशीनवर शिवून पाहिल्या होत्या. निरोगी जागी ती नळी वर्षानुवर्षं टिकते. पण इथे सगळा पू. जिवाणू कापडाच्या विणीत जाऊन बसतात, तिथे ना औषध नीट पोचत ना रक्तातल्या पेशी. क्षयाचं रिफॅम्पिसिन औषध मुरवलेली नळी बसवता येते, मांडीची मोठी शीर काढून वापरता येते. तिसरा रस्ता होमोग्राफ्टचा. मेलेल्या माणसाची दान केलेली महाधमनी, द्रव नायट्रोजनच्या उणे १९६ अंशांच्या थंडीत जपून ठेवलेली. ती जिवंत मांसाच्या जवळची, म्हणून जंतूंना कापडाइतकी दाद देत नाही. "पण आपल्याकडे फार कमी मिळते," डॉक्टर म्हणाले. "मिळाली तर."

तिसऱ्या दिवशी मिळाली.

आबांना सांगायचं कसं, हा माझ्यापुढचा पेच. मी जिल्हा परिषदेचा शिक्षक, तरी फळ्यावर काढता येईना असं काही. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच शब्द बोलले, "कलम."

आमच्याकडे मोसंबीची दीडशे झाडं होती. रंगपुरी लिंबाचा खुंट, त्यावर मोसंबीचा डोळा. खुंटाच्या सालीला उभी-आडवी चीर द्यायची, डोळा अलगद आत सरकवायचा, पट्टीने आवळायचं आणि वाट बघायची. डोळा हिरवा राहिला की लागला, काळा पडला की गेला. आबांचा हात त्यात बसलेला होता, पंचक्रोशीतून बोलावणी यायची. "खुंट माझा, डोळा त्याचा," ते म्हणाले आणि कुशीवर वळले. माझ्यापेक्षा त्यांना लवकर समजलं होतं. फरक एवढाच की मोसंबीचा डोळा वाढतो, फळतो. हा तुकडा वाढणार नव्हता, नुसता रक्त वाहू देणार होता. त्यामुळे किडनी बदललेल्या माणसाला जन्मभर घ्यावी लागतात तशी अंगाने तो नाकारू नये म्हणून द्यायची औषधंही त्यांना लागली नाहीत.

शस्त्रक्रिया सकाळी सुरू झाली ती दिवस मावळताना संपली. सडलेली भिंत खरवडून काढली. कोमट पाण्यात वितळवलेली ती नळी, तिच्या अंगच्या बारीक फांद्या एकेक बांधून, वरखाली शिवली. मग आतड्यांपुढे जो चरबीचा पदर असतो, तो ओढून तिच्याभोवती लपेटला, कारण त्या पदरात रक्त भरपूर असतं आणि ते जंतूंशी झुंजतं. पुढे सहा आठवडे शिरेतून इंजेक्शनं.

त्या दिवसांतली नावं आबांच्या वहीत आहेत. लालबागची खोली देणारा मामाचा मेव्हणा, रक्ताच्या बाटल्या देणारी आमच्या भागातली पोरं, रात्री दोनला चहा आणून देणारा वॉर्डबॉय. कुणाला हळद गेली, कुणाच्या लग्नाला आबा काठी टेकत गेले. अडतीवर पट्टी फेडावी तशी ती खाती एकेक करून मिटत आली. एक तेवढं उघडं राहिलं. देणाऱ्याचं नाव घेणाऱ्याला सांगत नाहीत, अशी रीत आहे आणि ती बरोबरच आहे, नाहीतर आबा हळदीचं पोतं घेऊन त्या दारात जाऊन बसले असते.

पुढे मी वाचत सुटलो. पोटातला फुगा काढून तिथे दुसऱ्याची महाधमनी बसवण्याची पहिली गाजलेली शस्त्रक्रिया पॅरिसला शार्ल द्युबोस्त यांनी २९ मार्च १९५१ रोजी केली. रोगी पन्नाशीचा होता. महाधमनी तीन आठवड्यांपूर्वी वारलेल्या एका वीस वर्षांच्या मुलीची होती. सर्जनचं नाव इतिहासात गेलं. मुलीचं वय तेवढं गेलं.

आता जे लिहायचं ते टाळत होतो.

२०१७ साली नानाकाकांची मोटारसायकल जिंतूर रस्त्यावर ट्रकला धडकली. वय अडतीस. औरंगाबादला नेलं. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मेंदू मृत झाल्याचं सांगितलं. सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासून ते ठरवतात, हेही समजावलं. मग एक बाई आल्या, हळू आवाजात बोलल्या. यकृत, मूत्रपिंडं, डोळे. अवयवदानाच्या १९९४च्या कायद्यात २०११ साली दुरुस्ती होऊन अवयवांबरोबर ऊतीही आल्या, म्हणजे हृदयाच्या झडपा आणि महाधमनीसुद्धा, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. व्हरांड्यात आम्ही अकरा पुरुष होतो. आबा थोरले. ते म्हणाले, "धडानं आणला, धडानं नेऊ." कुणी काही बोललं नाही. मीही नाही, आणि शिकलेला मी एकटाच होतो. अपघाताची केस, त्यामुळे शवविच्छेदन झालंच. नाना धडाने आलेच नाहीत.

आबा मुंबईहून परतले तेव्हा चैत्र लागला होता. वाड्यात बाया हळदीची कांडी आणि बंडे निवडत बसल्या होत्या. मी त्यांना सगळं सांगत होतो, आबा खाटेवर पडून ऐकत होते. काकूने मध्येच विचारलं, "त्या माणसाच्या घरी कुणाला इचारलं असंल रे?"

"जवळच्या माणसाला विचारतात. नवरा, बायको, आई-बाप."

"बायकोला इचारतेत?"

"हो."

काकूचे हात सुपात तसेच राहिले. "मला कुणी इचारलंच नव्हतं," ती म्हणाली आणि परत निवडायला लागली. त्या दिवशी औरंगाबादला ती खाली जिन्यापाशी बायांमध्ये बसली होती. तिच्यापर्यंत निरोप गेला तो सगळं आटोपल्यावर.

विचारलं असतं तर ती हो म्हणाली असती की नाही, हे तिने आजवर सांगितलेलं नाही. मी एकदा छेडून पाहिलं. "आता इचारायलास व्हय?" एवढंच म्हणाली. सहा आठवड्यांच्या इंजेक्शनांनंतर कित्येक महिने आबांच्या गोळ्यांच्या वेळा घड्याळ न बघता पाळल्या त्या तिनेच.

आबांची दरवर्षी सीटी होते, कारण असा तुकडा कालांतराने सैल पडू शकतो किंवा चुना धरू शकतो. अजून नीट आहे. स्कॅनच्या खोलीतून बाहेर आले की विचारतात, "डोळा हिरवा हाय का?" बिडी सुटली. मोसंबीची बाग पाण्याअभावी गेली, तो वेगळा विषय.

गेल्या सर्वपित्रीला त्यांनी अवयवदानाचा फॉर्म माझ्याकडून भरून घेतला. मी सांगितलं की कागदाला अर्थ तेवढाच, वेळ आल्यावर घरचे हो म्हणाले तर. आबांना ते सांगायची गरज नव्हती. म्हणाले, "काकूला इचार, माझ्या वेळेला ती हो म्हनंल का."

"आबा, कायद्याने तिची सही चालत नाही. आईची चालते, माझी चालते."

"कायद्याचं तू बघ. तिला इचार."

काकू थोरल्या दिराशी थेट बोलत नाही. स्वयंपाकघराच्या दारात, डोक्यावर पदर, पाठमोरी. मध्ये मी. आबांनी मोठ्याने बोललेलं तिने ऐकलं होतंच, तरी मी परत सांगितलं. तेवढ्यात तिने पानं मांडायला घेतली होती आणि बिननावाचं पान दरवर्षीसारखं टोकाला न ठेवता नानांच्या शेजारी सरकवलं होतं.

"त्यान्ला सांग," ती म्हणाली, "वडे तळून झाले की सांगते."