जनी म्हणे

माझ्या फोनमध्ये आजीचं एक रेकॉर्डिंग आहे. चार मिनिटं सत्तावीस सेकंद. मागे कुकरची शिट्टी, मधेमधे कात्रीचा आवाज. मांडीवर सूप घेऊन आजी विड्या वळतेय आणि गातेय. सोलापुरात आमच्या गल्लीत घरोघरी हेच चालायचं. कारखान्यातून पान-तंबाखू आणायची, हजार विड्या वळायच्या, नेऊन द्यायच्या. माझ्या इंजिनिअरिंगच्या फीत त्या विड्यांचेही पैसे आहेत.

"सगळी जनाबाईची गाणी," असं आजी म्हणायची. गेल्या वर्षी सुट्टीत मी ती एकेक करून शोधायला बसले. एक काही केल्या सापडेना. त्यात विठोबा जनीशेजारी बसून तेंदूची पानं कातरतो, तिची बोटं दुखतात म्हणून स्वतः दोरा गुंडाळतो. शेवटी रीतसर 'जनी म्हणे'.

मग ट्यूब पेटली. जनाबाई नामदेवांच्या घरची दासी, म्हणजे तेराव्या-चौदाव्या शतकातली. तंबाखू आपल्याकडे आली पोर्तुगीजांबरोबर, तिच्यानंतर निदान दीडशे वर्षांनी. जनी दळायची, कांडायची, शेण्या वेचायची. विड्या वळणं शक्यच नव्हतं.

"आजी, हे तू रचलंस?"

"मी कशाला रचू? जनीचंच आहे."

"जनीच्या वेळी विड्या नव्हत्या गं."

ती क्षणभर थांबली. "मग तिला कसं कळणार बोटं किती दुखतात ते? कुणीतरी सांगायला नको?"

मला हसू आलं, आणि रागही. आमच्या कामात कोडच्या प्रत्येक ओळीपुढे ती कुणी लिहिली त्याचं नाव असतं. आजीच्या विडी कामगाराच्या ओळखपत्रावर सहीच्या जागी अंगठा होता. स्वतःचं म्हणावं असं एक गाणं केलं, तेही दुसरीच्या नावावर.

पुण्याला परतताना गाडीत मी मध्ययुगातल्या बायकांबद्दल वाचत गेले आणि इंग्लंडमधल्या नॉर्विचला पोचले. तेही सोलापूरसारखंच विणकरांचं गाव. तिथं 1373 च्या मे महिन्यात तिशीतली एक बाई मरणाच्या दारात होती. त्या आजारात तिला ख्रिस्ताची दर्शनं झाली. ती वाचली. पुढे चर्चला लागून असलेल्या एका खोलीत तिनं स्वतःला कायमचं कोंडून घेतलं आणि त्या दर्शनांवर पुस्तक लिहिलं. एका बाईनं इंग्रजीत लिहिलेलं, आज माहीत असलेलं ते सर्वांत जुनं पुस्तक. त्यात तिनं येशूला आई म्हटलंय. विठ्ठलाला माउली म्हणणाऱ्या आपल्याला त्यात नवल वाटत नाही, पण पुरुषांच्या हातातल्या चर्चमध्ये हे म्हणायला धीर लागत असणार. तिला आज ज्युलियन म्हणतात. हे नाव त्या चर्चचं. तिचं खरं नाव कुणालाच माहीत नाही.

तिला भेटायला मार्जरी केम्प नावाची चौदा मुलांची आई आली होती. लोक तिच्या रडण्याला वैतागायचे, आपल्याला होतं ते देवाचंच आहे ना, हे तिला विचारायचं होतं. ज्युलियननं तिला धीर दिला. मार्जरीला लिहिता येत नव्हतं. तिनं आपलं आयुष्य दुसऱ्यांकडून लिहवून घेतलं. ते हस्तलिखित सापडलं थेट 1934 मध्ये.

एकीचं पुस्तक उरलं, नाव गेलं. दुसरीचं नाव उरलं, अक्षर दुसऱ्याचं. आणि आपली जनी? तिचे अभंग नामदेवांच्या गाथेतून आले. त्यांतले सगळे एकाच जनीचे नसावेत, असं अभ्यासक म्हणतात. आधी मला हा घोळ वाटायचा, साफ करण्यासारखा. आता वाटतं, प्रभाव यालाच म्हणत असावेत. देवाला कामाला लावायची परवानगी एका दासीनं घेतली, आणि तिच्या नावाखाली किती जणींनी आपापलं दुखणं सांगून घेतलं, कोण मोजणार? मार्जरीला जो धीर घ्यायला नॉर्विचला जावं लागलं, तो आजीला सूप मांडीवर असतानाच मिळाला.

तरी सल जात नाही. त्या बाकीच्या जणींना स्वतःचं नाव लावावंसं कधी वाटलंच नसेल का?

आजी गेली त्याला आठ महिने झाले. फोनमध्ये ती फाइल अजून 'रेकॉर्डिंग 17' होती. काल मी तिथं आजीचं पूर्ण नाव लिहिलं, माहेरच्या आडनावासकट. मग गाणं पुन्हा ऐकलं. शेवटी तिचाच आवाज, ठामपणे: जनी म्हणे.

ते मी तसंच ठेवलंय.